व्यायाम नकोसा का वाटतो आणि तो हवासा कसा होतो

व्यायामाबद्दल कृतज्ञता बाळगा असं कुणी सांगितलं की बऱ्याच जणांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती पडणारच, कारण साडेपाचचा गजर वाजतोय, बाहेर घामट हवा, कालच्या चढाने पोटऱ्या भरून आल्यात, त्यात वरून आभार पण मानायचे? कुणाचे आणि कशासाठी? पण हा सगळा नकोसेपणा येतो कुठून ते एकदा नीट समजून घेतलं ना, की मग त्याचं काय करायचं तेही हळूहळू कळायला लागतं. व्यायाम आवडणं हे काही लोकांना जन्मजात मिळतं आणि बाकीच्यांना नाही असं आपण धरून चालतो, पण ते बऱ्यापैकी शिकता येतं, आणि त्याचा चांगला अभ्यास झालेला आहे. मला हे इतकं महत्त्वाचं वाटतं की जरा सविस्तरच लिहिते.

पहिलं म्हणजे कंटाळा येतो तो आळशीपणा नव्हे. लाखो वर्षं माणसाला खायला कमी आणि कष्ट भरपूर अशीच परिस्थिती होती, त्यात गरज नसताना अंगातली ताकद खर्च न करणं हेच शहाणपण. हार्वर्डमधले डॅनिएल लिबरमन हे उत्क्रांतीचे अभ्यासक हेच सांगतात, की माणसाचं शरीर हालचालीसाठीच घडलंय, पण ती हालचाल कामाची असायची नाहीतर मजेची असायची, नुसतं 'तब्येतीला बरं' म्हणून घाम गाळायचा ही गोष्ट शरीराला अगदी अलीकडची. आपल्या गोव्यातलंच बघा ना, सत्तरी नाहीतर काणकोण तालुक्यातल्या आज्यांना कुणी वॉकला जा म्हणून सांगितलं होतं का? विहिरीचं पाणी, शेतात लावणी, कुळागरातली, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेतली कामं, डोक्यावर लाकडांचा भारा, यातच सगळं होऊन जायचं. आणि मजेचं म्हणाल तर शिगम्यातला ढोल-ताशांवर नाचत जाणारा रोमटामेळ, मांडावरचा बायकांचा धालो नाच, गणेशचवथीची फुगडी.

फुगडीवरून आमच्या शेजारच्या काकी आठवतात, साठी उलटलेली, दोन जिने चढले की "गुडघे गेले गो माझे" म्हणून कठड्याला धरून उभ्या राहणाऱ्या. चवथीच्या दिवशी आरती झाली, गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली जरा जागा झाली की ह्याच काकी पदर खोचून उभ्या, समोरचीचे हात कातर करून मनगटापाशी घट्ट धरलेले, दोघींची पावलं एकमेकींना भिडलेली, अंग मागे झोकून दिलेलं, आणि मग असा काही वेग की बघणाऱ्यालाच गरगरावं. थांबल्या की खांब धरतात, छाती धपापत असते, कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलेलं, आणि दम खात खात म्हणतात, "अगो ये ना, आणखी एक घालूया." त्या क्षणी त्यांची नाडी मोजली तर कुठलाही डॉक्टर त्याला चांगला जोरदार व्यायाम म्हणेल. पण ह्याच काकींना डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

शरीर तेच, गुडघे तेच, मग फरक कशाचा? एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणूस मनापासून एखादी गोष्ट कधी करतो यावर कित्येक वर्षं काम केलं आणि तीन गोष्टी पुढे ठेवल्या. ती आपण स्वतःच्या मर्जीने करतोय असं वाटलं पाहिजे, ती आपल्याला जमतेय असं वाटलं पाहिजे, आणि त्यात आपली माणसं पाहिजेत. फुगडीत तिन्ही आहेत. डॉक्टरांच्या अर्ध्या तासात तिन्हीपैकी एकही नाही, काकींना तो अर्धा तास गोळीसारखा पाण्याबरोबर गिळायचा होता. आता काकी दोन शेजारणींना घेऊन संध्याकाळी देवळापर्यंत जातात, गप्पा मारत, तेच अंतर, आणि एक दिवस चुकलं तर त्याच विचारायला येतात की आज कुणी जाणार नाही का म्हणून.

दुसरं मूळ शाळेत आहे. उशीर झाला, मैदानाला फेऱ्या. गृहपाठ नाही, उठाबशा. वर्षानुवर्षं आपण मुलांना हेच शिकवलं की शरीराला दमवणं ही शिक्षा आहे, आणि मग चाळिशीत तीच मुलं उठाबशांना स्क्वॉट्स म्हणून पैसे देऊन करायला जातात तेव्हा मनातलं जुनं काहीतरी नको म्हणतं यात नवल ते काय. अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी हजारावर मोठ्या माणसांना शाळेतल्या पीटीच्या तासाच्या आठवणी विचारल्या होत्या, २०१८ साली ते छापून आलं, त्यात ज्यांच्या आठवणी वाईट होत्या ती माणसं मोठेपणी जास्त वेळ बसून राहणारी निघाली. मला तर मनापासून वाटतं की शाळांनी व्यायाम ही शिक्षा म्हणून देणं पूर्ण बंद करावं, हवं तर दुसरं काहीही द्या.

मोठेपणी हेच आपण स्वतःशी करतो. काल शागोती-वडे झाले म्हणून आज जास्तीचा अर्धा तास, चवथीत नेवऱ्या (करंज्या) खाल्ल्या म्हणून महिनाभर जिम. खाण्याची भरपाई म्हणून व्यायाम केला की तो कधी प्रेमाचा होत नाही, शिवाय हिशेबही तोट्याचाच, सत्तर किलोच्या माणसाने अर्धा तास भरभर चालून साधारण दीडशे कॅलरी जातात, एक-दोन नेवऱ्यांत तेवढ्या सहज परत येतात. व्यायामाचे खरे फायदे त्या काट्यावर दिसतच नाहीत.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. व्यायाम करताना नेमकं कसं वाटतं, यावर पँटेलेइमॉन एक्केकाकिस या संशोधकांनी खूप काम केलंय. त्याचं सार असं की आपण जोर वाढवत नेला तर एका मर्यादेपर्यंत बहुतेकांना बरं वाटतं, निदान वाईट तरी वाटत नाही, पण ती मर्यादा ओलांडली की जवळजवळ प्रत्येकाला वाईट वाटायला लागतं. ही मर्यादा म्हणजे जिथे स्नायूंची मागणी इतकी वाढते की रक्तात लॅक्टेट हे स्नायूंत तयार होणारं रसायन साचायला लागतं, कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला श्वास एकदम जोरात सुरू होतो आणि मेंदूकडे धोक्याचे निरोप जायला लागतात. त्या वेळी मन कितीही सकारात्मक ठेवायचं म्हटलं तरी शरीर ऐकत नाही, कारण ते निरोप खरेच असतात. आणि ज्याला सवय नाही, वजन जास्त आहे, त्याची ही मर्यादा फार लवकर येते, शेजारच्या तरुण पोराला जो सहज वेग वाटतो तो त्याच्यासाठी मर्यादेपलीकडचा असतो. म्हणून दुसऱ्याच्या वेगाने चालायला गेलं की हमखास व्यायामाचा राग येतो.

मर्यादा ओळखायला यंत्र लागत नाही. चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय पण अभंग म्हणायला गेलात तर मध्येच श्वास घ्यावा लागतोय, ही मध्यम गती. दोन-तीन शब्दांत श्वास तुटत असेल तर ओलांडली. पणजीत मळा भागातून मारुतीच्या देवळाकडे पायऱ्या चढताना हे करून बघा, चार पायऱ्या चढून थांबावं लागलं तर थांबा, बोला, परत चढा, त्यात कमीपणा काहीच नाही.

आपल्या हवेचाही यात मोठा हात आहे आणि तो कुणी सांगत नाही. घाम नुसता आला म्हणून अंग थंड होत नाही, तो वाळावा लागतो. एप्रिल-मेमध्ये मिरामारच्या किनाऱ्यावर हवेत एवढं बाष्प असतं की घाम वाळतच नाही, निथळत राहतो, मग अंगातली उष्णता बाहेर काढायला हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त ढकलावं लागतं आणि स्नायूंनाही द्यायचंच असतं, म्हणून तोच रस्ता, तोच वेग, पण जानेवारीत आरामात जमलेलं मेमध्ये जीव काढतं. लोक समजतात आपला स्टॅमिना गेला. गेलेला नसतो, त्या दिवशी वेग कमी करायचा, उजाडताना किंवा ऊन उतरल्यावर जायचं आणि पाणी पीत राहायचं, बस.

अजून एक गंमतीची गोष्ट आहे. कॅनडातल्या मॅथ्यू रुबी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की व्यायामाआधी लोकांना विचारलं किती मजा येईल, तर ते प्रत्यक्षात येते त्यापेक्षा कमीच सांगतात, कारण त्यांचं सगळं लक्ष सुरुवातीच्या नकोशा भागाकडे असतं. आणि सुरुवात नकोशी असतेच. स्नायूंना लागणारा प्राणवायू पोचायला थोडा वेळ लागतो, रक्तवाहिन्या सैल व्हायच्या असतात, सांधे आखडलेले असतात, पावसात ओली लाकडं पेटायला वेळ घेतात तसंच. म्हणून पहिल्या दहा मिनिटांत व्यायामाबद्दल कुठलंही मत बनवायचं नाही असा मी नियम ठेवलाय आणि घरातल्या सगळ्यांना सांगितलाय. दहा मिनिटांनंतरही नको वाटलं तर घरी या, खरंच या. बहुतेक वेळा येत नाही.

शेवट कसा होतो त्यावर आठवण ठरते. १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमान आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, लोकांना एकदा १४ अंशाच्या गार पाण्यात ६० सेकंद हात धरायला लावला आणि एकदा तेच ६० सेकंद अधिक आणखी ३० सेकंद, पण त्या तीस सेकंदांत पाणी किंचित कमी गार करत नेलं. परत एकदा करायचं तर कुठलं घेणार असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचं निवडलं! शेवट थोडा सुसह्य होता एवढ्यावर. मग २०१६ मध्ये झॅकरी झेंको आणि एक्केकाकिस वगैरेंनी व्यायामावर हेच लावून बघितलं, सुरुवातीला जोर जास्त आणि हळूहळू उतरता ठेवला तर लोकांची आठवण जास्त चांगली राहिली आणि पुढच्या वेळी बरं वाटेल असंही त्यांना वाटलं. आपण नेमकं उलट करतो, शेवटी शेवटी जीव तोडून पळतो आणि धापा टाकत घरी येतो. अंग थोडं सैल झालं की चढाचा भाग उरकून घ्यावा, पणजीतल्या अल्तिनो टेकडीचा चढ आधी, मग उतार, आणि शेवटची पाच-सात मिनिटं झाडांच्या सावलीतून रमतगमत. दुसऱ्या दिवशी गजर वाजल्यावर मनाला ती शेवटची मिनिटं आठवली पाहिजेत.

इतकं जमलं की कृतज्ञतेला जागा होते. आधी अनुभव सुधारायचा आणि मग आभार, उलट क्रमाने केलं तर ते नाटकी होतं. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलॉ या मानसशास्त्रज्ञांचा २००३ चा अभ्यास या विषयात सगळे सांगतात. त्यांनी विद्यार्थ्यांचे गट केले, एका गटाने दहा आठवडे दर आठवड्याला ज्याबद्दल आभारी वाटतं अशा गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी लिहायच्या. आभार लिहिणाऱ्यांनी कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा आठवड्याला साधारण दीड तास जास्त व्यायाम केल्याचं सांगितलं. आता हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे, कुणी मोजलेलं नाही, आणि एका अभ्यासावर फार इमले बांधू नयेत, पण दिशा पटण्यासारखी आहे, कारण चांगलं काय झालं ते शोधायची नजर लागली की ते दिसायला लागतं.

फक्त आभार नेमके असावेत. 'हे शरीरा तुझे आभार' असं म्हणून मला तरी काही होत नाही. पण आत काय चाललंय ते माहीत असेल तर आपोआप होतं. बसलेलं असताना हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरवतं, आणि आपण जोर लावला की तेच पंधरा-वीस लिटरपर्यंत नेतं, न सांगता, न चुकता. त्याहून भारी साखरेचं. एरवी रक्तातली साखर स्नायूंत जायला इन्सुलिन लागतं, पण स्नायू आकुंचन पावायला लागले की साखर आत घेणारी प्रथिनं स्वतःहून पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि इन्सुलिनची वाट न बघता साखर आत ओढतात. म्हणजे जेवण झाल्यावर गल्लीत पंधरा मिनिटं फिरलात तर तेवढा भार इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडावरून उतरतो. आयसीएमआर-इंडियाबचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा मधुमेहावरचा जो मोठा अभ्यास २०२३ मध्ये आला त्यात मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के, देशाचं ११.४ असताना. घरटी कुणी ना कुणी गोळ्या घेतोय आपल्याकडे. त्यामुळे रात्रीच्या जेवणानंतर अंगणात फेऱ्या मारणारा बाप बघितला की मला खरंच भरून येतं, त्याला माहीत असो नसो, त्या मांडीच्या स्नायूंनी काम अंगावर घेतलेलं असतं.

मूड सुधारतो त्याचं श्रेय सगळे एंडॉर्फिन या शरीरातल्या रसायनाला देतात, पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहज शिरत नाही, त्यामुळे हल्ली शरीर स्वतःच बनवतं त्या आनंदामाइडसारख्या रसायनांकडे जास्त लक्ष गेलंय. ते असो, नाव काही का असेना.

हॉटेलांत काम करणाऱ्या बायकांबद्दल एक लिहायचंच आहे, कारण आपल्याकडे घराघरांत कुणीतरी त्या कामात आहे. अलिया क्रम आणि एलेन लँगर यांनी अमेरिकेत सात हॉटेलांतल्या खोल्या आवरणाऱ्या ८४ बायकांवर अभ्यास केला, २००७ मध्ये तो आला. काहींना सांगितलं की चादरी बदलणं, व्हॅक्यूम मारणं, बाथरूम घासणं हा चांगला व्यायामच आहे, बाकीच्यांना काही सांगितलं नाही. चार आठवड्यांनी ज्यांना सांगितलं त्यांचं वजन आणि रक्तदाब थोडा कमी भरला. या निकालावर पुढे वादही झाले, म्हणून फार ताणत नाही, पण आपण दिवसभर जे अंगमेहनतीचं करतो त्याला आपणच शून्य धरतो हे मला पटलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या सूचनांमध्ये सलग दहा मिनिटं झालीच पाहिजेत ही जुनी अट काढून टाकली, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, ती तुकड्या-तुकड्यांनी झाली तरी धरायची. आणि रोजच्या दहा हजार पावलांचं दडपण घेणाऱ्यांसाठी, तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र खपवायला वापरला गेला, डॉक्टरांच्या सल्ल्यातून आलेला नाही. घड्याळात सहा हजार दिसले म्हणून रात्री उशीला टेकून वाईट वाटून घेऊ नका.

एका प्रकारच्या कृतज्ञतेपासून मात्र लांब राहा. 'ज्यांना पाय नाहीत त्यांच्याकडे बघ आणि चाल' हे वाक्य व्हॉट्सॲपवर रोज फिरतं. त्यातून येते ती अपराधी भावना, आणि ज्या माणसाचा असा वापर होतो त्याचाही तो अपमान आहे. तसंच आभाराच्या नावाखाली दुखणं दाबायचं नाही, छातीत दाबल्यासारखं झालं, चक्कर आली, हात-जबडा दुखायला लागला तर तिथल्या तिथे थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा.

आणि ज्यांना मनानेच उठवत नाही, महिनोन्‌महिने कशातच रस नाही, त्यांना कृतज्ञ राहा म्हणून सांगू नका, ते ओझं होतं. यावर आपल्या गोव्यातच फार मोलाचं काम झालंय. संगात या संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये नैराश्य असलेल्या लोकांसाठी एक उपचार तपासून बघितला, त्याचे निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. डॉक्टर नसलेले पण नीट शिकवलेले स्थानिक समुपदेशक सहा-आठ भेटींत माणसाला छोट्या छोट्या कृतींकडे परत आणतात, आणि नेहमीच्या उपचारांना ही जोड दिल्यावर रुग्णांना जास्त फायदा झाला. यामागचा विचार असा की मूड येईल मग उठू असं म्हणत थांबलं तर मूड येत नाही, आधी छोटंसं काहीतरी करायचं, अंगणापर्यंत जायचं, तुळशीला पाणी घालायचं, मन मागून येतं. नैराश्य नसलेल्यांनाही हे तितकंच लागू पडतं. आज खुशीने जायची वाट बघू नका, चप्पल घाला, फाटकापर्यंत जा.

राहिला पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे चालायचं म्हणजे छत्री, चिखल आणि निसरडे रस्ते, आणि चार महिन्यांत सवय मोडते. त्या दिवसांसाठी स्नायूंचा व्यायाम ठेवा, तसाही तो आठवड्यातून दोनदा करायचाच असतो, कारण तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात आणि म्हातारपणी जमिनीवरून उठता येणं, पंगतीला मांडी घालून बसता येणं हे त्यांच्यावरच अवलंबून असतं. व्हरांड्यात एक भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हात छातीवर, सावकाश बसायचं, टेकलं न टेकलं की उठायचं, पाच-सहा वेळा, थोडं थांबून परत. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही बरोबर घ्या, त्यांना सुरुवातीला हातांचा आधार घेऊ द्या, गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर एक जाड उशी ठेवून उंची वाढवा, आणि खुर्ची प्लास्टिकची नको, ती ओल्या लादीवर सरकते.